सहा तुकड्यांचा शब्द
जुन्या वहीला अजून डिझेलचा वास येतो आणि ओमानमधल्या सूरच्या बंदरातलं आमचं स्टोअर आठवतं; त्याची किल्ली माझ्याकडे असायची. तिथला डच साहेब रोज सकाळी सुरक्षानियम आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. मथळ्यातला ‘सुरक्षानियम’ याच अर्थाचा लांबलचक डच शब्द आला की म्हणायचा, ‘मिस्टर के, सोड, तुला जमणार नाही.’ माझं आडनाव त्याने कधी उच्चारलंच नव्हतं. त्याचं ऐकून ऐकून मी तो शब्द वहीत सहा तुकड्यांत तोडला, जोर द्यायच्या पहिल्या तुकड्याखाली रेघ मारली आणि एका सकाळी खणखणीत म्हटला, ‘फेइ-लिख-हेइट्स-फोर-स्ख्रिफ-तन!’ साहेब हसला. मी म्हटलं, ‘आता माझं आडनाव म्हणा, साहेब. चारच तुकडे आहेत. यल्ला, चला लवकर!’ तिसऱ्या खेपेला त्याला जमलं, तेव्हाच मी स्टोअर उघडायला खिशातून किल्ली काढली. आजही कुणी ‘मिस्टर के’ म्हटलं, तर मी ओ देत नाही.