पिवळ्या होडीवाला अजिनाथ

गावात अजिनाथ दोन. एक सोसायटीचा चेअरमन. त्याला लहानथोर सगळे अजिनाथराव म्हणतात. दुसरा पिवळ्या होडीवाला. त्याच्या नावाला राव लावायची तसदी कोणी घेतली नाही आणि त्यालाही त्याचं कधी काही वाटलं नाही.

गाव पैठण तालुक्यातलं, जायकवाडीच्या फुगवट्याला चिकटलेलं. पाणी इतकं अफाट की पलीकडचा काठ दिसायला हवा स्वच्छ लागते. पाहुण्याला धरण म्हणून दाखवायला न्यावं, तर तो विचारतो की मराठवाड्यात समुद्र कधी आला. वारा सुटला की लाटाही तशाच उठतात, आणि मग मासे धरणाऱ्या भोयांच्या पोरांनासुद्धा घरातून बाहेर पडायची इच्छा होत नाही.

हा अजिनाथ धनगराच्या घरचा. जन्मला तोच वाटेवर, एका ओढ्याच्या काठी, बापाची मेंढरं नगरकडे चालली असताना. उघड्यावर झोपणं, तीन दगडांवर भाकरी भाजणं, पावसात घोंगडीची खोळ करून बसणं, हे सगळं त्याला चालायला येण्याआधीपासून ठाऊक. बाप गेला, मेंढरं निम्मी झाली, ती धाकट्या भावाच्या, खंडेरावाच्या वाट्याला आली आणि अजिनाथ काठावर नव्यानेच निघालेल्या एका बोट क्लबवर राखणदार म्हणून लागला. क्लब फार टिकला नाही. मालकाने गाशा गुंडाळला आणि जाताना भेगा पडलेल्या दोन प्लास्टिकच्या कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, तिथेच टाकून दिल्या, एक पिवळी आणि एक निळी. अजिनाथने तापलेल्या सळईने भेगा सांधल्या. तेव्हापासून त्याला वेड लागलं ते लागलंच.

पुढे तो वाळूजला कंपनीत लागला, तरी पोळा झाला की सुट्टी टाकून यायचा आणि एकटाच पिवळी होडी घेऊन पाण्याला वळसा घालायला निघायचा. दिवसभर वल्हवायचं, संध्याकाळी मिळेल त्या काठाला किंवा बेटाला लागायचं, तिथेच चूल मांडायची, तिथेच अंग टाकायचं. बायकोने डोक्याला हात लावला. पारावरची माणसं म्हणायची, "आजू, मेंढरं चारायची सोडून आता मासे चारतो का रं?" तो हसायचा. शहरातली पोरं भाड्याच्या तंबूत एक रात्र काढून चार दिवस फोटो टाकत बसतात, आणि आमच्या सात पिढ्या उघड्यावर निजल्या त्यांचा फोटो काढायला एक माणूस फिरकला नाही, असं मात्र तो कधीमधी बोलून दाखवायचा. खोटं काय होतं त्यात?

यंदा कंपनीने सुट्टी नाकारली. खंडेराव म्हणाला, "दादा, औंदा म्या जातो. तू शिकवलंय की समदं." खंडेरावाचं लग्न ठरत होतं, अंगात रग होती आणि थोरल्या भावाने केलं ते आपणही करावं ही हौस लहानपणापासूनची. अजिनाथने फोनवरच हो म्हटलं. आईने, बानाबाईने, भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. खंडेराव पिवळी होडी घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ फाटलं.

असं वादळ गावाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वारा मावळतीकडून उगवतीकडे घों घों सुटला होता, शाळेचे पत्रे उडाले, काठावरच्या येड्या बाभळी मुळासकट पाण्यात गेल्या. खंडेरावाचा फोन लागेना. अजिनाथ मिळेल त्या गाडीने गावात आला तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती. तिने देव पाण्यात घातले होते. ती एवढंच म्हणाली, "आजू, त्याला घिऊन ये."

सकाळी शोधपथक रबरी बोट घेऊन आलं. साहेब शहाणा माणूस होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग गावकऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पाणी सगळ्यांत जास्त कुणाला माहीत आहे?" सगळ्यांची बोटं अजिनाथकडे वळली. ज्याला गाव खुळ्यात काढत होतं, त्याच्या शब्दावर आता सगळं येऊन ठेपलं.

अजिनाथने फार विचार केला नाही. त्याला करावाच लागला नाही. वादळात पांगलेलं मेंढरू कसं हुडकायचं हे धनगराच्या पोराला कोणी शिकवत नाही, ते त्याला आपोआप येतं. मेंढरू वाऱ्याकडे पाठ करतं आणि वारा ढकलेल तिकडे चालत राहतं. म्हणून धनगर वाऱ्याच्या पुढच्या अंगाला जातो आणि तिथे त्याला ते सापडतं, एखाद्या बांधाला अडून उभं राहिलेलं.

"उगवतीला चला, सायेब," तो म्हणाला. "धरणाच्या भिंतीकडं. वारा बी तिकडंच गेला आन दारं उघडल्यामुळं पाण्याची वढ बी तिकडंच हाय. आमी हारवलेलं जितराब असंच काढतो."

कोणीही नाही म्हणालं नाही. पथक उगवतीला गेलं, सांडू भोयाची इंजिनाची होडी उगवतीला गेली, गावातली पोरं मोटारसायकली घेऊन त्याच काठाने फिरली. काही मिळालं नाही. मग पुन्हा पाऊस लागला, पाणी आणखी चढलं, आणि पथकाच्या साहेबाने एका संध्याकाळी अजिनाथला बाजूला घेतलं. आता जिवंत माणूस शोधायचा राहिला नाही, प्रेत आपोआप वर येईल, असं तो शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अजिनाथने निळी होडी पाण्यात लोटली. सांडूने दंड धरून त्याला मागे ओढलं. "येडा झाला का? ह्या वाऱ्यात इंजिन चालंना, तू ह्या डब्यात जातो?" अजिनाथने हात सोडवून घेतला. आईला काय सांगायचं हा त्याच्यापुढे प्रश्न होता आणि तो घरी बसून सुटणार नव्हता.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. उगवतीच्या काठाला माणसांची वस्ती थोडी, गाळ फार. बेशरमीच्या झुडपांत होडी घुसवायची, हाक मारायची, काठीने पाणी ढवळायचं, की पुढचं झुडूप. दरवेळी काठी मऊ कशाला तरी लागली की तो हात घालून ते वर ओढायचा. कधी वाहून आलेलं शेळीचं करडू निघायचं, कधी भिजलेली गोधडी. "खंड्याऽऽ" म्हणून ओरडून ओरडून घसा बसला. संध्याकाळी कुठल्यातरी ढिगाऱ्यावर होडी उलटी टाकून तो तिच्याखाली बसून राही. ओल्या काटक्या पेटत नसत. बरोबरची भाकरी बुरसली होती, तीच तो चावत राही आणि जेवतो आहे याची त्याला लाज वाटे. जन्मभर उघड्यावर झोपलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच उघड्यावर भीती वाटू लागली.

काठ आत वळून केरकचरा साचलेल्या एका खाचेत त्याला खंडेरावाचा पाण्याचा कॅन सापडला. कॅनला बानाबाईनेच चिंधी बांधलेली होती. तो कॅन छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडला, आणि मग उठून त्याच काठाला आणखी जिद्दीने शोधू लागला. आपण बरोबर चाललो आहोत याची आता खात्रीच पटली होती ना! त्या कॅनला हात असते तर त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या. रिकामा कॅन वाऱ्याबरोबर गेला होता. त्याच्यात आणि खंडेरावात फरक होता, आणि तो ओळखायला अजिनाथला अजून एक वादळ लागलं.

ते दुपारी आलं. काठ लांब होता. वाऱ्याने होडी आडवी धरली, एक लाट मांडीवरून गेली, दुसरीने त्याला पाण्यात फेकलं. नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा तो पुन्हा होडीवर चढला आणि काही कळायच्या आत त्याच्या हातांनी आपलं काम केलं. त्यांनी होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं आणि लाटा समोरून अंगावर घेत तो मावळतीच्या बाजूला वल्ही मारू लागला. पाठ दिली असती तर बुडाला असता.

तसाच वल्ही मारता मारता तो थिजला. खंडेरावाला हे कोणी शिकवलं होतं? त्यानेच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, होडीच्या शेपटाला धरून, दहादा ओरडून सांगितलं होतं, की वाऱ्याला पाठ द्यायची न्हाय, खंड्या, नाक वाऱ्यातच ठिवायचं, हात तुटले तरी. आणि खंडेराव दादाचा शब्द न् शब्द ऐकणारा. वादळ सुरू झाल्याबरोबर त्याने नाक मावळतीकडे केलं असणार आणि हात तुटेस्तोवर तिकडेच वल्हवलं असणार. तो मेंढरू नव्हता. आणि आपण मात्र सगळ्या जगाला उगवतीला पळवलं.

"माझ्या हातानं केलं, माझ्याच हातानं," असं तो त्या पाण्यात एकटाच ओरडत होता. वारा पडायची त्याने वाट पाहिली नाही. हातांना फोड आले, फुटले, वल्हं रक्ताने निसरडं झालं. संध्याकाळ एका खडकावर, पुढचा दिवस पुन्हा पाण्यात. मावळतीकडची बेटं एकामागून एक पालथी घालत तो शेवटी एका बोडक्या बेटाजवळ आला, आणि पिवळा रंग त्याला लांबूनच दिसला.

होडी वर ओढून नीट पालथी ठेवली होती. तिच्या बुडाला खडकाने मूठभर भोक पाडलं होतं. शेजारी तीन दगडांची चूल. चुलीच्या कडेला माशांचे काटे, एकदोन दिवसांचे नव्हेत. अजिनाथने राख चिमटीत घेतली. ती कोरडी होती. पाऊस आदल्या संध्याकाळी पडून गेला होता. म्हणजे ही चूल त्यानंतर पेटली होती.

"खंड्या," तो म्हणाला. मग त्याने होडीला वळसा घातला.

खंडेराव होडीच्या पलीकडे आडोशाला घोंगडी पांघरून पडला होता. उशाशी पाणी जाऊन बंद पडलेला फोन होता. उजवी नडगी मोडलेली होती. मेंढराचा पाय मोडला की बांधतात, तसा त्याने तो स्वतःच वाहून आलेल्या बाभळीच्या दोन फोकांत धोतराच्या चिंधीने बांधला होता. पाय मांडीपर्यंत काळानिळा पडला होता. अंग गार होतं, पण हात अजून पुरता ताठला नव्हता. तोंड उगवतीकडे, गावाकडे होतं.

अजिनाथ किती वेळ तिथे बसला ते कोण सांगणार. त्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या केसांतला गाळ काढला, त्याला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या, वर खंडोबाला दिल्या. एक दिवस आधी आलो असतो तर हा बोलला असता. पहिल्याच दिवशी मावळतीला बोट दाखवलं असतं तर हा लंगडत का होईना, नवरदेव झाला असता.

मग तो उठला. आधी त्याने पायाच्या चिंध्या सोडल्या, हलक्या हाताने, जणू दुखेल. फोक लांब भिरकावले. माशांचे काटे पाण्यात टाकले, राख पायाने पसरली. धनगर मुक्काम हलवताना चूल मोडत नाही, मागून येणाऱ्याच्या कामाला येते म्हणून तशीच ठेवतो. अजिनाथने ती चूल मोडली. एकेक दगड उचलून पाण्यात टाकला. खंडेराव इथे जगला होता, वाट पाहत होता, हे आईला कधीही कळता कामा नये. तो हे आईसाठी करत होता की स्वतःसाठी, ते त्याला विचारू नये. त्यालाही सांगता आलं नसतं. सगळं झाल्यावर त्याने होडीला बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बंद ठेवलेला फोन काढला आणि रेंज लागेल तिथे उभं राहून सांडूला फोन केला.

सांडूने प्रेत होडीत घेताना पायाकडे पाहिलं, विस्कटलेल्या राखेकडे पाहिलं. मग त्याने इंजिन चालू केलं. पुढचे सोपस्कार पैठणला सरकारी दवाखान्यात झाले आणि दिवस कलता कलता खंडेराव घरी आला.

बानाबाई रडत नव्हती. तिने अजिनाथला एकच विचारलं, "कवा गेलं माझं लेकरू?"

"त्याच दिवशी, माय. वादळातच," अजिनाथ म्हणाला. "त्याला काय कळलं बी नसंल."

ती लेकाच्या उशाशी बसली आणि त्याच्या गालावरून हात फिरवू लागली. फिरवता फिरवता हात थांबला. निघायच्या दिवशी सकाळी खंडेराव अंगणात आरसा टांगून दाढी करत बसला होता, पुन्हा पुन्हा गाल चाचपत. "पाण्यात कोण पोरगी बघाया बसलीय रं तुला?" असं तिनेच त्याला चिडवलं होतं. आता तिच्या तळव्याखाली चांगले वाढलेले खुंट होते. तळवा हनुवटीवरून एकदा खाली गेला, पुन्हा वर आला. तिने मान वर करून थोरल्या लेकाकडे पाहिलं. अजिनाथची नजर जमिनीला खिळली होती.

दारातून बायका पुढे सरकत होत्या, शेवटचं तोंड पाहायला. बानाबाईने चादर वर ओढली, खंडेरावाची हनुवटी आणि गाल झाकले आणि कडा नीट खोचून घेतल्या.

"नका उघडू तोंड," ती त्या बायकांना म्हणाली. "त्याच दिवशी गेलाय त्यो. आजू सांगतोय ना." आणि मग तिने अजिनाथला हाताला धरून आपल्याजवळ बसवून घेतलं.