ओसरीवरचं फ्रेंच

ज्या घरात कुणीतरी सतत कुणाची वाट बघत असतं, त्या घरात किस्से फार साठतात. रोज रोज रडता येत नाही ना! मग माणसं हसतात, आणि पुढे ते हसणंच सांगत बसतात. आमच्या नाशिकच्या घरातले हे किस्से माझ्या थोरल्या जावेचे, इंदूताईंचे. तेव्हा पहिली लढाई संपून बरीच वर्षं झाली होती आणि दुसरी अजून यायची होती.

थोरले भावजी डॉक्टरकी शिकायला पॅरिसला गेले, ते सहा वर्षं तिकडेच. इंदूताईंना न्यायचा विषय काढला की एकच उत्तर यायचं, "तिला भाषा येत नाही, इथला स्वयंपाक येत नाही. ती इथे येऊन करणार काय?" अखेर निरोप आला, दिवाळीला येतो म्हणून.

इंदूताई म्हणाल्या, "भाषा आणि स्वयंपाक, एवढंच ना? शिकते!"

एवढंच असतं तर आणखी काय हवं होतं!

*

नाशकात फ्रेंच शिकवणार कोण? शोधून शोधून सापडले उस्मान हवालदार. लढाईत फ्रान्सला, मार्सेलच्या छावणीत भटारखान्यावर होते, आता भद्रकालीत पावाची भट्टी चालवायचे. आमचे मामंजी वकील. त्यांनी विचारलं, "व्याकरण येतं का?"

"साहेब, भूक लागली म्हणून सांगता येतं. जखम झाली म्हणून सांगता येतं. परदेशात दुसरं काय लागतं?"

मामंजींनी उलटतपासणी तिथेच आटोपली आणि शिकवणी ठरवून टाकली.

*

शिकवणी सकाळ-संध्याकाळ. ओसरीवर हवालदार, दाराआड इंदूताई, सोबतीला मी, आणि कोपऱ्यात राखणीला सासूबाई, वाती वळत. सासूबाईंच्या तोंडून फ्रेंचचा एक शब्द निघेल तर शपथ!

"माँजी, एकदा तरी बोंजूर म्हणा!"

"मला कुठं जायचंय? इथंच तर मरायचंय."

धडा संपला की हवालदार टाळी वाजवून ओरडायचे, "से फिनी!" म्हणजे, संपलं. मग सासूबाई वाती आवरून देवघरात जायच्या.

*

हवालदारांना स्वयंपाकघरात यायची सोय नव्हती. सासूबाईंचं सोवळं! तेव्हा पाककृतीही ओसरीवरूनच, ओरडून. पहिला पदार्थ कांद्याचं सूप. मुहूर्त मात्र अचूक काढला, कांदेनवमीचा! कारण त्यानंतर चातुर्मास, कांदा-लसूण बंद. चांदवडचे कांदे पाटीभर चिरले.

"बाई, कांदा जळू द्या! डरू नका! तपकिरी झाला पाहिजे!"

आतून मी, "किती तपकिरी?"

"माझ्या कोटाएवढा!"

तो कोट बघायला मी सारखी बाहेर पळत होते. तेवढ्यात कांद्याचा कोळसा झाला. हवालदारांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी लढाईतल्यासारखं!"

*

मग चातुर्मास. कांदा नाही, लसूण नाही, अंडी-मांसाचं तर नावच नको. फ्रान्सचं उरलं काय? तरी इंदूताई रोज काहीतरी रांधायच्याच. एकदा लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस केला. मामंजींनी बोट चाटून पाहिलं. "आजाऱ्याची खीर झकास झालीय. साखर तेवढी राहिली."

आम्ही पोट धरून हसलो. इंदूताईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "सहा वर्षांत एकदा तरी माझ्या हातचं आठवलं असेल का गं त्यांना?"

मी पातेलं पुढे ओढलं आणि सॉसात साखर घालून ढवळायला घेतलं.

*

आश्विनापर्यंत इंदूताईंच्या तोंडात फ्रेंच इतकं बसलं, की सायखेड्याहून येणाऱ्या भाजीवालीला त्यांनी मेथीचा भाव फ्रेंचमध्ये विचारला!

"आगं माय!" भाजीवाली मला म्हणाली, "लय वंगाळ झालं. नवरा परमुलखात आन् बाईचं डोस्कं गेलं."

दुसऱ्या दिवशी तिने अंगारा आणून दिला. सासूबाईंनी तो इंदूताईंना लावला, आणि थोडा स्वतःलाही लावला.

*

दिवाळीत भावजी आले. चातुर्मास संपायचा होता, पण सासूबाईंनी आपणहून कांदे मागवले. "देव घेईल समजून," म्हणाल्या. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

सूप अप्रतिम जमलं होतं. हवालदार मुद्दाम ओसरीवर, माजघराच्या दाराशी येऊन बसले होते. वाढता वाढता इंदूताईंनी फ्रेंचमध्ये विचारलं, "मला कधी नेणार?" एक चूक नाही! ओसरीवरून "शाब्बास!" आलं.

भावजी दचकले. मग मान खाली घालून, फ्रेंचमध्येच, हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले. मला अर्धंमुर्धं कळलं. त्यात एका बाईचं नाव दोनदा आलं.

मामंजी खूश! "बघा! नाशकात बसून पॅरिसच्या गप्पा! काय म्हणतोय गं इंदू?"

मी ओसरीकडे पाहिलं. हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

इंदूताई म्हणाल्या, "सूप आवडलं म्हणतात."

"मग वाढ की अजून!"

इंदूताईंनी पळी उचलली. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई उठल्या. मांडीवरच्या वाती खाली सांडल्या. त्यांनी मुलापुढची वाटी उचलली आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या,

"से फिनी."