विडी वळता वळता पाठ केलेलं स्तोत्र

मी आज पदवीधर आहे तो माझ्या मावशीमुळं, रूथ आक्कामुळं. परवा निपाणी स्टँडवर तंबाखूचा उग्र वास आला आणि विड्या वळणारी आक्का डोळ्यांपुढं आली. माझ्या शाळेच्या वयात मिशनच्या वसतिगृहात जागा हवी तर बायबलातलं स्तोत्र तोंडपाठ लागायचं.

आक्का म्हणायची, "पान कापताना पयली ओळ म्हण, तंबाखू भरताना दुसरी, दोरा बांधताना तिसरी. ईसरतोस कसा बघू रं!"

वसतिगृहाच्या साहेबांपुढं मी विडी वळल्यागत बोटं हलवत स्तोत्र म्हणू लागलो. सदऱ्याला तोच वास. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "शी! विड्या वळतोस काय रं? पुरं."

तंबाखूची किळस अजून येते, त्या रुमालाची त्याहून जास्त.

त्याच दिवशी संध्याकाळी मी आक्काला पत्र धाडलं होतं: "जागा मिळाली. साहेब मधेच पुरं म्हणाले, तरी मी शेवटपर्यंत म्हटलं. अर्धी विडी तू कधी खाली ठेवलीस?"