गव्हाणीतला गहू

प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली की मी अंग काढून घ्यायची. आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवे लागले की सगळे पुढच्या खोलीत बसतात, पप्पा पवित्र शास्त्रातला एक भाग वाचतात आणि मग एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची असते. दादा करतो, वहिनी करते, त्यांची सात वर्षांची रूथ करते. साडेचार वर्षांचा आशूसुद्धा "पोळी दिल्याबद्दल थँक्यू" म्हणून मोकळा होतो. मी म्हणायची, "तुम्हीच करा." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथल्या प्रार्थना पाठ होत्या आणि पन्नास मुलींच्या आवाजात माझा आवाज सहज लपून जाई. पण एकटीने, मराठीत, आपल्या माणसांसमोर देवाशी बोलायचं म्हटलं की मी पाळी पुढे ढकलायची. बरीच वर्षं मी भाषेचं निमित्त सांगितलं. आत मात्र वेगळीच शंका होती: कुणी ऐकत असेल यावर माझा विश्वासच नसावा. हे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही.

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी वहिनीला आठवा महिना लागला आणि तिचं ब्लडप्रेशर वाढलं. आमच्या पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. दादा सोबत निघाला. पायांवर सूज आलेली, चप्पलही धड चढत नव्हती, तरी गाडीत बसताना वहिनीने दोन्ही पोरांचे पापे घेतले आणि मला म्हणाली, "ताई, एक तारखेला गव्हाणी मांडजा. पोट्टे वाट पाहून राहिले." माझ्यापेक्षा ती पाच वर्षांनी मोठी, पण मला ताईच म्हणते.

ही गव्हाणी वहिनीने माहेरून, शेजारच्या सौसरकडून, आणलेली रीत आहे. संत्र्याची एक लाकडी पेटी घ्यायची. तळाला गोणपाट, त्यावर अंगणातली चार मुठी माती, म्हणजे बेथलेहेमची जमीन. मग एक डिसेंबरपासून रोज संध्याकाळी मुलांनी एकेका बोंडाचा कापूस हातात घ्यायचा आणि त्यातली सरकी बोटांनी सोडवून काढायची. सरकी निघेपर्यंत येशूला काय सांगायचं ते ठरवायचं, आणि सांगून झालं की स्वच्छ कापूस पेटीत ठेवायचा. सरकी वेगळ्या वाटीत जमते. चोवीस तारखेपर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण तयार होतं, त्यावर पप्पांच्या कपाटात वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाळ येशूची मूर्ती निजवायची. जमलेली सरकी शेजारच्या शेवंताकाकूंच्या गाईला जाते. कापूसही त्यांच्याच शेतातला. काकू आमच्या धर्माच्या नाहीत, पण नोव्हेंबर सरता सरता "यंदा येशूले किती बोंडं पाह्यजे?" असं विचारतातच.

मी हे सगळं दरवर्षी दारात उभी राहून पाहिलं होतं. या वेळी मांडायचं माझ्याकडे आलं आणि माझ्या प्रत्येक कामात खोट निघू लागली.

"आई असं नाही करत," रूथ म्हणायची. पेटीची लांब बाजू दाराकडे पाहिजे. दारात लावायच्या चांदणीच्या बांबूच्या कामट्या आधी भिजवायच्या, मग वाकवायच्या. करंजीच्या कडेला मुरड अंगठ्याने घालायची, काट्याने दाबायची नाही. करंजीच्या बाबतीत काकूही तिच्या बाजूने गेल्या. माझी एक करंजी उचलून म्हणाल्या, "हे करंजी व्हय का कासव?" आशूने ते कासव आपल्यासाठी राखून ठेवलं.

तरी सांगते, ते दिवस चांगले गेले. दुपारी शाळा सुटली की दोघं दप्तरं टाकून अंगणात येत. आम्ही संत्र्याच्या साली उन्हात वाळवल्या, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची मेंढरं कापली, त्यांवर कापूस चिकटवला. आशूने एका मेंढराला पाच पाय काढले आणि "हे पळून राहिलं" असं कारण दिलं. मी सवयीने म्हटलं, "पळून राहिलं नाही, पळतंय म्हण." पोरांचं 'करून राहिलो, पाहून राहिलो' सुधारायचं काम मी अंगावरच घेतलं होतं. शाळेत या बोलण्यावर मुली मला हसल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. संध्याकाळी वहिनीशी व्हिडिओवर बोलणं होई. ती उशीला टेकून मेंढरं मोजायची आणि "पाच पायांचंच सगळ्यात छान" म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात आशूने मला विचारलं, "आत्या, गव्हाणी म्हंजे काय?"

शास्त्रात हा शब्द मी दरवर्षी ऐकत आले होते. पण माझ्या डोक्यात शाळेतली इंग्रजी गाणी होती आणि त्यांतला तो छोटासा पाळणा होता. शब्दाचा नेमका अर्थ मला ठाऊक नव्हता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. माहीत नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही. मी म्हटलं, "गहू ठेवतात ती गव्हाणी."

आशूने मान डोलावली. त्यानंतर तो रोज पिण्याच्या पाण्याचा पेला अर्धाच पिऊन गव्हाणीपाशी जाऊ लागला. एकदा मी त्याला पाणी ओतताना पकडलं. "कापूस ओला होतो ना!" मी रागावले. "बाळाले तहान लागते," तो म्हणाला. मी पेला काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो ओंजळीतून पाणी नेत होता.

एकवीस तारखेच्या दुपारी दादाचा फोन आला. वहिनीचं प्रेशर औषधांना दाद देत नव्हतं. बाळाला आता आतच ठेवणं दोघांनाही धोक्याचं होतं, म्हणून संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं. रक्त लागणार होतं आणि तिच्या गटाची एक पिशवी कमी पडत होती. पप्पांनी पिशवीत स्वेटर आणि शास्त्र टाकलं आणि नागपूरची गाडी धरायला निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकरांजवळ बस. आणि प्रार्थना तू घे."

घरात मोठी अशी मीच उरले होते.

दिवे लागले. दोघं गव्हाणीपुढे येऊन बसली, हातात एकेक बोंड. आपल्या आईचं काहीतरी होऊन राहिलंय, एवढं रूथला कळलं होतं. तिची सरकी निघून गेली तरी ती कापूस चिमटतच होती. मीही एक बोंड घेतलं. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदाच घेत होते. सरकीला तंतू किती घट्ट धरून असतात ते तेव्हा कळलं. सरकी निघाली, वाटीत पडली, आणि मी डोळे मिटले. शाळेतली एक पाठ प्रार्थना ओठांवर आली. त्यात आमची वहिनी कुठेच नव्हती. मी पहिल्या ओळीलाच थांबले.

"आत्या, बोल ना," रूथ कुजबुजली. "येशूले मराठी येते."

"हिंदी बी येते," आशूने भर घातली.

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "प्रभू, मला येत नाही. मला बोलता येत नाही. वहिनी तिकडे ऑपरेशनच्या खोलीत एकटी आहे. तूच पाहा." पुढे काही सुचलं नाही. आयुष्यात एकटीने मोठ्याने केलेली माझी पहिली प्रार्थना एवढीच. आशूने मात्र छप्पर उडेल असं "आमेन" ठोकलं आणि आपला कापूस ठेवायला पेटीवर वाकला.

"आत्या, पाहय! गहू उगून राहिला!"

मी पुढे झाले. वीस दिवसांचं ते पांढरं अंथरूण एका बाजूने उचललं गेलं होतं. कापसाच्या खालून बोट-बोट उंचीची हिरवी पाती वर आली होती, कुठे कापसाचा पुंजका डोक्यावर घेऊन. गव्हाणीत गहू नाही हे पाहून आशू रोज डब्यातून मूठभर गहू आणून कापसाखाली मातीत टाकत होता. बाळासाठी ओतलेलं पाणी त्यालाच मिळत होतं.

त्याच वेळी शेवंताकाकू दुधाचं भांडं घेऊन आत आल्या. पप्पांना जाताना त्यांनी पाहिलं होतं. पेटीकडे बघून त्या दारातच थबकल्या. "अवो माय! नाताळात घट बसवला का तुम्ही?"

"काकू, गव्हाणी हाये," आशू म्हणाला. "गहू ठेवाची. आत्यानं सांगतलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. मग त्या खळखळून हसल्या. "अवो बाई, गव्हाण म्हंजे ढोराची! गाय चारा खाते ते. माह्या गोठ्यात हाये ना, रोज तिच्या समोरून तर जाते तू!"

रोज जात होते. ज्याला मी सुंदर पाळणा समजत होते, ते गाईच्या चाऱ्याचं लाकडी खोकं होतं, शेणाच्या वासात, माझ्या दारापासून वीस पावलांवर. देवाला तिथे ठेवलं होतं. माझ्यापासून इतक्या जवळच्या जागी, इतक्या साध्या शब्दात. मीच त्याला कुठल्यातरी सुबक भाषेत शोधत राहिले होते.

काकू घरी गेल्या नाहीत. "आज मी इथंच जेवतो," म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या. मी पोरांना भरवत असतानाच फोन वाजला. मुलगी झाली होती. अगदी लहान, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण रडली होती. वहिनी शुद्धीवर येत होती. दादाला धड बोलता येत नव्हतं.

रक्ताचं त्याने दोन दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फोनवर बोलत होता, "मी काय करून राहिलो, मलेच समजून नाही राहिलं." बाकावरचा एक माणूस उठून जवळ आला. "भाऊ, सौसरकडचे का तुम्ही?" तो सौसरजवळच्या रामाकोन्याचा, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेला. फक्त बोलण्यावरून त्याने ओळखलं. त्याचा गट जुळला, रक्त दिलं, चहासुद्धा घेतला नाही, आईला जेवण द्यायचं आहे म्हणून निघून गेला. गडबडीत दादाने त्याचं नाव विचारलं नाही. हे किती वाजता झालं, मी तेव्हा काय म्हणत होते, हे मी जुळवून पाहिलेलं नाही. मला तशी गरज वाटली नाही. मी ज्या बोलण्याची लाज बाळगत होते, त्याच बोलण्याला धरून आमच्याकडे मदत आली, एवढं मला पुरे आहे.

चोवीस तारखेला आम्ही बाळ येशूला गव्हात निजवलं. पाती वाकली, मग हळूहळू त्याच्या दोन्ही बाजूंनी वर झाली. वहिनीने फोनच्या पडद्यावर ते पाहिलं, आणि किती दिवसांनी पोट धरून हसली. "टाके दुखून राहिले, हसवू नका," म्हणाली आणि पुन्हा हसली.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी पोरांनी सरकीची वाटी आणि हिरवा गहू काकूंच्या गोठ्यात नेला. आशूने स्वतःच्या हाताने तो खऱ्या गव्हाणीत ठेवला. गाईने दोन घासांत संपवला. "आता बरोबर झालं," तो म्हणाला. "गव्हाणीत गहू."

"हो," मी म्हटलं, "बरोबर झालं."

बाळ जानेवारीच्या शेवटी घरी आलं. आता संध्याकाळी प्रार्थनेची पाळी आली की मी नाही म्हणत नाही. मला अजूनही फार बोलता येत नाही. तीन-चार वाक्यं होतात, कधी तीही अडखळत. पण जे येत नाही तेच आधी देवापुढे ठेवायचं असतं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, हे त्या संध्याकाळी पदरात पडलं. त्यासाठी मी त्याची ऋणी आहे, रामाकोन्याच्या त्या भावाची, काकूंची, आणि मूठ-मूठ गहू टाकणाऱ्या माझ्या भाच्याचीही.

परवा झोळीत झोपलेल्या बाळाला पाहून पप्पांनी विचारलं, "काय करते गं ती?"

"झोपून राहिली," मी म्हटलं. रूथने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी काही सुधारलं नाही.