शिट्टी वाजली आणि मी दप्तरं बांधली

दसरा झाला की आमचं घर ट्रकमध्ये चढायचं. राजूरजवळच्या वस्तीवरून थेट लांबच्या साखर कारखान्यावर, ऊस तोडायला. राहायला फडाशेजारी पाचटाची कोपी. दवही आत, धूरही आत. शाळेच्या हजेरीत माझं नाव असायचं, मी नसायचे.

मग बापाची कंबर धरली आणि ऊस सुटला. आम्ही नवीन जालन्यात आलो. बाप गोदामावर राखणदार, आई बियाणं निवडायला आणि मी पाचवीत.

मधल्या सुट्टीत पोरी गोल करून जेवायच्या. मी जवळ गेले की आवाज यायचा, "इथं जागा धरलेली आहे." म्हणून मी नळाजवळ उभ्यानं खायचे आणि घरी सांगायचे, "मैत्रिणी इतक्या झाल्यात, बोलायला वेळ पुरंना!" बढाया मारण्यात मी तेव्हाच पदवीधर होते.

एकदा सुट्टीआधी खेळाचा तास होता. दप्तरं व्हरांड्यात. सरांनी शिट्टी मारली. आता, फडात मुकादमाची शिट्टी म्हणजे गाडी आली, मोळ्या उचला! पोरी मैदानाकडं पळाल्या. मला वाटलं, काय आळशी जात आहे, रिकाम्या हातानं पळून राह्यल्या! मी सगळ्यांची दप्तरं पट्ट्यांनी आवळून मोळ्या बांधल्या, एक डोक्यावर घेतली आणि मैदानात जाऊन ऐटीत विचारलं, "सर, गाडी कुठं लागली?"

सरांची शिट्टी तोंडातच राहिली. अख्खं मैदान हसलं. मीही हसले, मला वाटलं, दुसऱ्याच कुणावर तरी हसतायत.

सुट्टी झाली तरी गाठी कुणाला सुटेनात. कापड दुकानवाल्या मारवाडी शेठची पोरगी कमरेवर हात ठेवून आली. जागा धरणाऱ्यांची पुढारी तीच.

"ए मुकादमीण, माझा डबा कुठंय?"

"मधल्या मोळीत."

"मंग सोड ना जल्दी! भूक लागली!"

सोडलं. झाकणं निघालेली. हिची गट्ट्याची भाजी तिच्या भूगोलावर, कुणाचे पोहे कुणाच्या कंपासपेटीत. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"कुणाचं काय, काही कळंना," ती म्हणाली. "बसा सगळ्या. मिळून खाऊ. तू पण बस. तुझ्या डब्यात काय?"

"ठेचा-भाकर."

तिनं ठेचा खाल्ला, डोळे पुसले, पाणी प्याली आणि परत हात पुढं केला. माफी मागायचं सोडून मी तिला गाठ कशी मारतात यावर भाषण दिलं. भाजीनं भरलेला हात मधूनमधून फ्रॉकला पुसत.

दुसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली, "मुकादमीण, इकडं ये! जागा धरलीय." नाव चिकटलं ते कायमचं.

दहावीपर्यंत मी एकटीनं डबा खाल्ला नाही. पुढं जालन्यातच बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.