मास्तरांची शिंक

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. पण आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर खापर माझ्यावर नको!

भलत्या वेळी शिंक येणं मी समजू शकतो. कोणालाही येते. पण हवी तेव्हा शिंक येईना, म्हणून सकाळच्या प्रहरी, दारात रिक्षा उभी असताना, मांजराच्या पोटात तोंड खुपसून उभं राहायची पाळी आली आहे का कधी तुमच्यावर? माझ्यावर आली. आणि मी कोण? तर शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर!

झालं काय, माझे सासरे अप्पा संगमेश्वरला राहायचे. माई, म्हणजे माझ्या सासूबाई गेल्या आणि घरात अप्पा एकटे पडले. जेवणावरून मन उडालेलं, बोलणं तुटक. वसुधा, माझी बायको, रोज फोनवर विनवायची, "अप्पा, या ना हो रत्नागिरीला." शेवटी एका रविवारी आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आंब्याचा खोका.

मला वाटलं, वा! सासऱ्यांनी जावयासाठी हापूस आणला! मोठ्या प्रेमाने खोक्यात हात घातला, तर आतून फिस्सऽऽ!

"ठमी ती," अप्पा म्हणाले. "माईचं मांजर. तिला कोणाच्या भरवशावर टाकू हो जावईबापू?"

मी उत्तर दिलं, "आक्छी!"

मांजराचं आणि माझ्या नाकाचं वैर जुनं आहे. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की पहिल्याच दिवशी नाकाचा नळ सुरू व्हायचा, डोळे सुजायचे, कारण मामाची मांजर माझ्या उशीवर झोपायची. म्हणजे मला दुखणं माहीत होतं. पण सांगू कसं? मांजर गेली की तिच्यामागे अप्पा जाणार. आणि वसुधा तर बापाच्या हातातली पिशवी घेताना इतक्या दिवसांनी हसली होती!

"काही नाही हो," मी म्हणालो. "खडूची धूळ. मास्तरकीचा रोग."

"आज रविवार आहे," वसुधा म्हणाली.

"आठवड्याची साठलेली निघते!"

झालं! इथेच चूक झाली.

संध्याकाळी अप्पा पडवीत बसायचे. ठमी मांडीवर. तिच्या पाठीवरून हात फिरवत ते हळूच बोलायचे. मांजराशी नव्हे हो, माईशी. एकदा मी मागे वह्या तपासत होतो.

"ऐकलंस गो? वसूने आज अगदी तुझ्यासारखी आमटी केली होती."

"आक्छी!"

अप्पा गर्रकन वळले. डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "सत्य!" ते म्हणाले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी बोलत असताना दुसरा शिंकला, की बोललेलं खरं. अप्पांच्या मनाने तेवढ्यावर उडी घेतली. माईचं मांजर मांडीवर, माईशी बोलणं चाललेलं आणि नेमकी शिंक! म्हणजे माईच हो म्हणाली ना?

दुसऱ्या दिवशी लगेच बोलावणं आलं. "जावईबापू, इथे जवळ बसा जरा." बसलो. काय करणार!

"ऐकलंस गो? तुझी ती हिरवी साडी वसूला देऊन टाकू?"

"आक्छी!"

"सत्य! आणि वसूची पोळी जरा जाड होते, नाही?"

"आक्छी! आक्छी!"

"दोनदा!" अप्पा खूश. वसुधा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, शिंकेचा आणि खऱ्याखोट्याचा काही एक संबंध नाही." आणि त्याच वाक्यावर शिंकलो! आता हे खरं झालं की खोटं? अप्पा बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "ही धरायची नाही."

पण एक गोष्ट सांगतो. अप्पा पुन्हा पोटभर जेवायला लागले. दिवसभर विचारायचे प्रश्न जमवून ठेवायचे आणि संध्याकाळची वाट बघायचे. मला त्यांची फार माया वाटायला लागली. म्हटलं, गळू दे नाक! म्हाताऱ्याला बायको भेटते आहे, आपलं काय जातं?

पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं तर ते प्रकरण कसलं! शेजारच्या सुलाकाकू बाजारात मासे विकायला बसतात, मुलगा बोटीवर असतो. अप्पांनी त्यांच्याकडे माझी कीर्ती गायली असणार. एका संध्याकाळी त्या ठमीसाठी बांगड्याची डोकी घेऊन आल्या.

"मास्तर, पोरगा दर्यात गेलाय. म्हावरं गावंल ना बरं?"

बांगड्याच्या वासाने ठमी नाचत आली आणि माझ्या पायाला अंग घासायला लागली. "आक्छी!"

दुसऱ्या दिवशी काकू हातभर सुरमई घेऊन दारात. "मास्तर, बोट भरून आली हो!" मग काय विचारता! कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची बदली. वर्गात अंधश्रद्धेवर धडा शिकवायचा आणि घरी येऊन पडवीत शिंकायला बसायचं! पोरांना कळलं असतं तर?

आणि मग ती संध्याकाळ आली. अप्पांनी ठमीला मांडीवर घेतलं. मग ठमीच्या कानाशी वाकून म्हणाले, "ऐकलंस गो? लेकीच्या घरी किती राहायचं? या लोकांना अडचण होत असेल. परत जावं म्हणतो आपल्या घरी. काय?"

आणि त्या बयेने, ठमीने, नेमकी आपली शेपटी माझ्या नाकाखालून फिरवली!

मी नाक दाबलं. श्वास धरला. मनात मूलद्रव्यं म्हणायला लागलो, हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम… बोरॉनपर्यंत पोचलो आणि, "आऽऽक्छी!"

या वेळी अप्पा ओरडले नाहीत. "सत्य," एवढंच म्हणाले, तेही पुटपुटत. त्यांचा चेहरा इतका उतरला की बघवेना. अहो, त्यांना जायचं नव्हतं! माई 'राहा' म्हणेल, या आशेने विचारलं होतं बिचाऱ्यांनी.

आत पिशवी भरणं सुरू झालं. वसुधा समजावून थकली. "आईनेच सांगितलं म्हणतात," स्वयंपाकघरात डोळे पुसत ती माझ्यावर उखडली. "तुमची ती मेली शिंक!"

मला स्वतःच्या नाकाचा असा संताप आला म्हणता! तडक औषधाच्या दुकानात गेलो, ॲलर्जीची गोळी आणली आणि घेऊन झोपलो. पुन्हा म्हणून शिंकणार नाही! सकाळी उठलो तर नाक असं मोकळं की शेजारच्यांची फोडणीसुद्धा ओळखता आली.

दारात रिक्षा. अप्पांच्या हातात पिशवी. ठमी खोक्यात. अप्पा पायात चप्पल सरकवतात तेवढ्यात वसुधाने मला कोपराने ढोसलं.

"अहो, शिंका!"

"काय?"

"निघताना कोणी शिंकलं तर अप्पा उंबरा ओलांडत नाहीत! शिंका लवकर!"

आता काय सांगू! इतके दिवस बोलावल्याशिवाय येणारी शिंक त्या क्षणी गावातच नव्हती. सूर्याकडे बघितलं. नाकात रुमालाचं टोक घातलं. काही नाही! अप्पांनी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं. मी पुढे झेपावलो, खोका उघडला, ठमीला उचललं आणि तिच्या पोटात नाक खुपसून जोरात श्वास ओढला. एकदा, दोनदा, तीनदा!

"मास्तर," रिक्षावाला म्हणाला, "मांजर खाताय काय?"

ठमीने माझ्या नाकावर पंजा ओढला. तरी शिंक नाही.

"जावईबापू! अहो, हे काय?" अप्पा थिजून उभे.

मग मात्र माझा बांध फुटला. "अप्पा, मला मांजर सोसत नाही! खडू नाही, माई नाही, काही नाही. ठमी जवळ आली की मी शिंकतो. कालची शिंकही तिच्याच शेपटीची. तुम्ही जाऊ नका हो. तुमच्यामुळे घराला घरपण आलंय."

अप्पा पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं! म्हाताऱ्याची बायको दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी माझ्यामुळे.

मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "डोळे लाल होतात? सकाळी घसा खवखवतो?"

"हो."

"माईलाही व्हायचं." ते ठमीकडे बघत होते. "रस्त्यावरची पिल्लं उचलून मी आणायचो. सांभाळायची ती. सारखी शिंकायची. विचारलं की म्हणायची, चुलीचा धूर. घरात गॅस आला, तरी म्हणायची, धूर!"

आणि अप्पा हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. "आणि मी जन्मभर समजत होतो, बायकोला माझं प्रत्येक म्हणणं पटतंय!"

वसुधाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पांनी हळूच पिशवी आत सरकवली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "जा रे बाबा तू. आज काय मी येत नाही. आणि जावईबापू, ठमी माझ्या खोलीत राहील. तुम्ही गोळी घेत जा."

वसुधा पदराने डोळे पुसत माझ्याकडे वळली. माझ्या नाकावर ठमीच्या पंजाचा लाल ओरखडा, मिशीत तिचे केस.

"माझ्या बापासाठी इतके दिवस नाक गाळलंत, आणि एका शब्दाने बोलला नाहीत?" तिचा आवाज कापत होता. "असा गाढव माणूस मी जन्मात पाहिला नाही हो अप्पा!"

आणि सकाळपासून अडून बसलेली ती शिंक नेमकी तेव्हा आली.

"आऽऽऽक्छी!"

"सत्य!" बापलेक एकदम ओरडले. रिक्षावालासुद्धा!