सुनेवरची विषाची फिर्याद

त्या सोमवारी सकाळी कुंडलजवळच्या एका गावातून एक सासरा पोलीस ठाण्यात आला आणि सुनेने जेवणात विष घातल्याची फिर्याद त्याने दिली. पुढे मी अनेक गुन्हे तपासले आणि त्यांतले बरेचसे विसरलो. हा एक विसरता आला नाही. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मी सांगली जिल्ह्यात फौजदार होतो.

फिर्यादीला गावात सगळे आबा म्हणत. ते लष्करातून निवृत्त झालेले होते. समोर खुर्ची असूनही सावधान उभे राहून बोलत.

"चार दिस झालं सायेब. जेवाय बसलं की डोकं गरगरतंय, मळमळतंय. म्हातारी तर वकायला लागती. सून भाकरी न्हाई वाढत, इख वाढती."

"तिला स्वतःला त्रास होत नाही?"

"व्हतोय की! नाटक हाय त्ये. लय हुशार हाय ती."

मुलगा फौजेत, सीमेवर होता. त्याला आबांनी पत्र टाकलेच होते की, तुझ्या बायकोने आम्हाला विष घातले, तिला कायमची माहेरी धाडतोय. आता त्यांना पोलिसांचे शिक्कामोर्तब हवे होते. गुन्हा नोंदवला असता तर त्या विशीतल्या मुलीला अटक करावी लागली असती. नंतर ती सुटली असती, तरी त्या घराचे दार तिला पुन्हा उघडले नसते.

म्हणून आधी चौकशी करायचे ठरवले. हवालदाराला घेऊन गावी गेलो आणि ओसरीवर सुनेचा जबाब घेतला. तिचे डोळे सुजून लाल झाले होते. रडून झाले असतील, असे मी धरून चाललो.

"सायेब, म्या बी त्यातलंच खाते. आन ह्या जळणाचा धूर लय वंगाळ हाय. मामंजींना सांगितलं तर म्हनत्यात, तुज्या माहेरी काय चंदन जाळत्यात व्हय?"

हवालदार म्हणाला, "बाई, धूर कुठल्या चुलीला नसतो?"

मला ते पटले. धुराचे वाक्य मी जबाबात घेतले नाही.

त्या काळी मी पुष्कळ वाचत असे, आणि पुस्तके वाचणाऱ्या माणसाला सुचावी तशी एक युक्ती मला सुचली. सुनेने पंचांसमक्ष स्वयंपाक करायचा आणि आम्ही तो खायचा. पीठ, डाळ, मीठ, मिरची बाजारातून आणून मोहोरबंद केली. भांडी पोलीस लाइनीतली घेतली. ठाण्याच्या आडाचे पाणी भरून घागरीच्या तोंडावर फडके बांधले आणि त्यावर लाखेचे सील लावले. जळण मात्र त्यांच्याच घरचे ठेवले. जळण कोणी खात नाही.

पंच म्हणून शाळेतले मास्तर आणि गावचा शिंपी आले. सरकारी जेवण आहे म्हणून शिंपी सकाळपासून उपाशी होता. आबांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सुनेच्या हातावर नजर ठेवून आम्ही चौघे दाटीवाटीने बसलो.

"सायेब, कायतरी जळतंय," हवालदार हळूच म्हणाला.

"चूल आहे. जळणारच."

मला तपकिरीचे व्यसन होते. त्यामुळे माझे नाक सरकारी कामाच्या उपयोगाचे राहिले नव्हते.

तिसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. चौथीला शिंपी उठून परसात धावला. बाहेर बसलेल्या आबांनी विजयाने हात वर केला.

"बगा! म्हनलं न्हवतं म्या?"

परसातून शिंपी ओरडला, "आवं आबा, अजून घास बी न्हाई घेतला!"

मी पंचनामा लिहिता लिहिता थांबलो. अंगणात पहाऱ्यावर असलेल्या शिपायाला जेवायला वाढायला सांगितले. तो चारही भाकऱ्या खाऊन वर कांदा मागू लागला. अन्न निर्दोष होते. मग आम्हाला झाले काय, ते मात्र कळेना.

घरी गेलो तर पत्नीने दारातच अडवले. तिचे वडील, म्हणजे दादा, मिरजेला रेल्वेत मुकादम होते.

तिने माझी टोपी हुंगली आणि विचारले, "स्लीपर उचलायला गेला होतात का?"

"कसले स्लीपर?"

"रुळाखालचे, लाकडाचे. वाळवी लागू नये म्हणून त्यांत डांबराचं तेल मुरवतात. त्याच्या धुरानं डोकं गरगरतं, मळमळतं, म्हणून आमचे दादा त्याचा ढलपासुद्धा चुलीत घालू देत नसत. कपडे परसात काढा आधी."

त्या सुमारास मिरजेकडची रेल्वेची लहान लाइन मोठी होत होती. काढलेले जुने स्लीपर रुळाकडेला पडून असत. दुसऱ्या दिवशी मी आबांच्या जळणापाशी जाऊन उभा राहिलो.

"आबा, हे जळण कुठलं?"

"आपल्याच रानातलं."

मी एक ओंडका उलटा केला. त्याला खिळ्यांची भोके होती.

"अशी भोकं घेऊन उगवणारी झाडं आहेत तुमच्या रानात?"

आबा सावधान झाले. "गवर्मेंटानं टाकून दिल्यालं हुतं. म्या बी गवर्मेंटासाठी सतरा वर्सं लढलोय."

मिरजेच्या डॉक्टरांनीही पत्नीच्या म्हणण्याला दुजोरा दिला. फिर्याद गैरसमजातून दिली म्हणून निकाली निघाली. लाकडे जप्त झाली आणि रेल्वेच्या मालापायी फिर्यादीच आरोपी झाला. त्याआधी मी आबांना मुलाला दुसरे पत्र लिहायला बसवले. सून खांबाशी उभी होती.

"मामंजी, जळणाचं बी लिवा."

"लिवतोय की! जरा दम धर."

विषाच्या तक्रारीत काय खाल्ले ते प्रत्येक जण सांगतो, काय जाळले ते कोणी सांगत नाही. त्या मुलीने सांगितले होते आणि मी ते लिहिले नाही. त्यानंतर चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा जबाब मी शब्द न गाळता घेत आलो. वाचकांनीही रंगाचे, डांबराचे, औषध मुरवलेले लाकूड घरात जाळू नये, आणि त्याची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

केस डायरीत मी 'खास बातमीदाराकडून माहिती मिळाली' असे लिहिले. बातमीदाराचे नाव लिहायचे नसते. पत्नीला हे सांगितले तेव्हा, "म्हणजे मी तुमची खबरी?" म्हणत ती दोन दिवस हसत होती. ती गेल्याला दीड वर्ष झाले. तिच्या साड्या मुलीने नेल्या, पितळेची भांडी तिच्या बहिणीने नेली. ही हकिकत माझ्याकडे आहे.